पार्किन्सन्स आणि नजर: चष्म्याचा नंबर बरोबर असूनही पायरी का चुकते?

पार्किन्सन्स म्हटले की हातांची थरथर, मंदावलेल्या हालचाली आणि ताठरलेले शरीर डोळ्यांसमोर येते. कंपवात हे त्याचे मराठी नावही थरथरीवरूनच पडले आहे. या आजारात दिसण्यातही फरक पडतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचा नंबर बरोबर निघतो, तक्त्यावरची बारीक अक्षरेही वाचता येतात. तरीही संध्याकाळी जिन्याची शेवटची पायरी चुकते, पांढऱ्या ताटातला दहीभात अर्धा तसाच राहतो, समोरून येणारी रिक्षा किती वेगात आहे याचा अंदाज येत नाही. घरच्यांना हा धांदरटपणा किंवा वयाचा परिणाम वाटतो.

प्रत्यक्षात अशा वेळी नजरेच्या दोन वेगळ्या क्षमता कमी झालेल्या असू शकतात. एक म्हणजे शेजारशेजारच्या दोन छटांमधला फरक, म्हणजेच कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता. दुसरी म्हणजे हालचाल आणि तिचा वेग ओळखण्याची क्षमता. चष्म्याच्या नंबराच्या नेहमीच्या तपासणीत या दोन्ही मोजल्या जात नाहीत.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय?

डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यावरची अक्षरे खाली जाताना लहान होत जातात, पण सगळी काळीकुट्ट असतात आणि पार्श्वभूमी पांढरीशुभ्र. म्हणजे हा तक्ता बारकावा तपासतो. रोजच्या जगात मात्र गोष्टी इतक्या ठळक नसतात. राखाडी फरशीवरची राखाडी पायरी, तिन्हीसांजेला रस्त्यावरचा खड्डा, पांढऱ्या बेसिनवर ठेवलेली पांढरी गोळी, हे दिसण्यासाठी अक्षर किती बारीक वाचता येते यापेक्षा छटांमधला किती कमी फरक डोळ्यांना कळतो, हे महत्त्वाचे असते. चित्रकार ज्याला चित्राचा उठाव म्हणतात, तोच हा गुण.

तो मोजण्यासाठी १९८८ मध्ये डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी वेगळा तक्ता बनवला. पेली-रॉबसन तक्त्यावर सगळी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात. तीन-तीन अक्षरांचे गट करून ती छापलेली असतात आणि प्रत्येक गट आधीच्या गटापेक्षा फिका असतो. शेवटची अक्षरे कागदात जवळजवळ विरून जातात. सहसा एक मीटर अंतरावरून तक्ता वाचायचा असतो आणि चाचणी काही मिनिटांत होते. स्नेलन तक्ता अचूक वाचणारे अनेक पार्किन्सन्सग्रस्त या तक्त्यावर आपल्या वयाच्या इतरांच्या तुलनेत लवकर अडतात.

प्रयोगशाळेत याहून सूक्ष्म मोजणी करता येते. पडद्यावर उजळ आणि गडद पट्ट्या दाखवतात, त्यांची जाडी बदलतात आणि कॉन्ट्रास्ट हळूहळू कमी करत नेतात. निरोगी डोळ्याला मध्यम जाडीच्या पट्ट्या सर्वांत सहज दिसतात. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीत पट्ट्यांच्या साधारण ६ ते १० जोड्या बसतील, एवढी ती जाडी. पार्किन्सन्समध्ये बरेचदा याच मधल्या पट्ट्यांसाठीची संवेदनक्षमता घटलेली आढळते. पट्ट्या स्थिर न ठेवता लुकलुकत्या दाखवल्या, तर घट आणखी स्पष्ट होऊ शकते.

डोळ्यात डोपामाइन काय करते?

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातील सबस्टॅन्शिया नायग्रा या ठिकाणच्या डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. हालचाली मंदावतात त्या यामुळे. पण डोपामाइन फक्त तिथेच तयार होत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, अमाक्राइन नावाच्या पेशी असतात. त्यांतल्या मोजक्या पेशी डोपामाइन तयार करतात. संख्येने कमी असल्या तरी त्यांचे जाळे सगळ्या दृष्टिपटलावर पसरलेले असते.

अंधारातून उजेडात आल्यावर नजर जुळवून घेणे, हे या डोपामाइनचे एक काम. दुसरे काम कडा रेखीव करण्याचे. दृष्टिपटलातील शेजारच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एकीचा संदेश दुसरीपर्यंत पाझरतो. उजेडात डोपामाइन हे पाझरणे कमी करते, त्यामुळे प्रत्येक भागाचे चित्र वेगळे राहते. डोपामाइन घटले की संदेश एकमेकांत मिसळतात, जसा ओल्या कागदावर रंग फुटतो. काळ्या अक्षराची कड तरीही कळते, पण फिक्या छटेची कड हरवते.

याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. पार्किन्सन्सने आजारी असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर त्यांच्या दृष्टिपटलातील डोपामाइन मोजले गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते कमी असल्याचे दिसले, आणि ज्यांना मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत लेव्होडोपा हे औषध मिळत होते त्यांच्यात मात्र ते सामान्य पातळीच्या जवळ होते. पार्किन्सन्सशी जोडलेले आल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिनही अशा रुग्णांच्या दृष्टिपटलात साचलेले आढळले आहे. ओसीटी या साध्या, न टोचणाऱ्या स्कॅनमध्ये अनेक रुग्णांच्या दृष्टिपटलाचे आतले थर पातळ झालेले दिसतात.

हे लक्षात यायला इतका वेळ का लागला?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. त्यात त्यांनी ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात असे नमूद केले होते. पुढे दीर्घकाळ हा हालचालींचाच आजार मानला गेला.

१९७८ मध्ये न्यूयॉर्कमधील इव्हान बोडिस-वॉलनर आणि मेल्व्हिन यार यांनी रुग्णांना पडद्यावरील नक्षी दाखवली आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडने मेंदूचा प्रतिसाद टिपला. निरोगी माणसात असा प्रतिसाद साधारण एक दशांश सेकंदात मेंदूच्या मागच्या भागात उमटतो. पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांत तो उशिरा येत होता. त्यानंतरच्या दशकात कॉन्ट्रास्ट संवेदनक्षमतेवरचे अभ्यास एकामागून एक प्रसिद्ध झाले. लेव्होडोपा दिल्यावर अनेकांची ही क्षमता सुधारते, असेही त्यांत दिसले.

आणखी एक दुवा प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक पार्किन्सन्ससारखा आजार झाला. त्यातील एमपीटीपी हे रसायन डोपामाइनच्या पेशी मारते, हे त्यातून उघड झाले. पुढे हेच रसायन दिलेल्या माकडांमध्ये हालचालींबरोबर डोळ्यांचे आणि मेंदूचे दृश्य प्रतिसादही बदललेले आढळले.

तरी सगळा दोष डोळ्याचा नाही. काही रुग्णांना एका दिशेच्या पट्ट्या दिसायला दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांपेक्षा अधिक त्रास होतो, असे १९८७ च्या एका अभ्यासात आढळले. माणसाचे दृष्टिपटल आडव्या-उभ्या रेषांत असा भेद करत नाही. तो मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टी केंद्रात होतो. म्हणजे बिघाड डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर एकाहून अधिक ठिकाणी असतो.

हालचाल दिसणे ही वेगळी क्षमता आहे

एखादी वस्तू दिसणे आणि ती हलते आहे हे दिसणे, यांसाठी मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या वाटा आहेत. हालचालीसाठी व्ही-५ नावाचा भाग विशेष महत्त्वाचा. १९८३ मध्ये जर्मनीतील एका स्त्रीचे उदाहरण प्रसिद्ध झाले. तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या या परिसराला इजा झाली होती. तिला वस्तू, रंग, चेहरे दिसत. पण कपात ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा वाटे आणि कप कधी भरला ते कळत नसे. रस्ता ओलांडताना दूरची गाडी एकदम जवळ आलेली दिसे. तिला पार्किन्सन्स नव्हता आणि पार्किन्सन्समध्ये हालचालीची नजर अशी पूर्ण जात नाही. पण ही क्षमता स्वतंत्रपणे बिघडू शकते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

ती मोजण्यासाठी पडद्यावर शेकडो ठिपके सैरावैरा हलताना दाखवतात. त्यांतले काही ठिपके मात्र एकाच दिशेने सरकतात. एकूण दिशा ओळखण्यासाठी निदान किती टक्के ठिपके एका दिशेने जायला हवेत, हे पाहायचे. पार्किन्सन्सग्रस्तांना सरासरीने अधिक ठिपके लागतात. दोन वेगांमधला फरक ओळखणेही अनेकांना जड जाते.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये आणखी एक प्रयोग मांडला होता. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर फक्त दहा-बारा प्रकाशबिंदू दिसत असतील, तरी पाहणाऱ्याला तो माणूस चालतो आहे हे लगेच कळते. पार्किन्सन्समध्ये अशा बिंदूंमधून चाल ओळखण्याची क्षमताही कमी झालेली आढळली आहे. गर्दीत समोरचा माणूस कोणीकडे वळणार हे आपण अशाच खुणांवरून ताडत असतो. त्यामुळे बाजारात किंवा रेल्वेच्या फलाटावर पार्किन्सन्सग्रस्त व्यक्ती गोंधळते, तेव्हा पायांच्या मंदपणाबरोबर नजरेचाही त्यात वाटा असू शकतो.

चालण्याशी संबंध: अडथळाही नजर, आधारही नजर

आपण चालतो तेव्हा आजूबाजूचे जग मागे सरकत असते. या सरकण्यावरून मेंदू आपला वेग आणि दिशा ठरवतो. पार्किन्सन्समध्ये शरीराच्या आतून येणारे हालचालींचे संकेत क्षीण झालेले असतात, म्हणून रुग्ण नजरेवर अधिक विसंबतात. नेमकी तीच नजर उणी असली की तोल आणि दिशा सांभाळणे कठीण होते.

अनेकांचे पाय दारातून जाताना जमिनीला खिळल्यासारखे होतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि कॅनडातील अभ्यासांत हे नीट मोजले गेले. चौकट जितकी अरुंद, तितकी रुग्णांची पावले लहान आणि संथ झाली. कोणी अडवलेले नसते, दारही पुरेसे रुंद असते. पण अरुंद जागेचे नुसते दृश्य चालण्यात अडथळा आणू शकते.

याच्या उलटही घडते. लंडनचे चेतारोगतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले, की जमिनीवर साधारण एका पावलाच्या अंतराने आडव्या रेषा आखल्या, तर अडखळणारे रुग्ण त्या ओलांडत मोठी पावले टाकू लागतात. चालण्याच्या दिशेने लांब आखलेल्या रेषांचा असा उपयोग होत नाही. १९९९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी यामागचे एक कारण शोधले. त्यांनी रुग्णांना अशाच पट्ट्यांवर चालवले, पण दिवा स्थिर न ठेवता क्षणोक्षणी लुकलुकता ठेवला. पट्ट्या दिसत होत्या, मात्र त्यांचे मागे सरकणे सलग दिसत नव्हते. तेव्हा पट्ट्यांचा फायदाही नाहीसा झाला. म्हणजे नुसत्या रेषा मदत करत नव्हत्या. पायाखालून सरकणाऱ्या रेषांची हालचाल मदत करत होती. एरवी क्षीण झालेली हालचालीची नजर ठळक, उठावदार रेषा मिळाल्या की कामाला येते.

पुण्यात वाढलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी हीच गोष्ट घरातल्या निरीक्षणातून ओळखली. त्यांच्या काकांना सपाट जमिनीवर चालता येत नव्हते, पण जिना ते सहज चढत-उतरत. सोनेजी यांनी सपाट फरशीवर जिन्यासारखे भासणारे चित्र पसरले आणि काका त्यावरून न थबकता चालू लागले. २०१५ मध्ये डेल्फ्ट येथील टेडएक्स व्याख्यानात त्यांनी हा अनुभव सांगितला. हा उपाय सगळ्यांना लागू पडतो असे नाही, आणि चित्रातली पायरी खरी समजून कोणी घाबरूही शकते. म्हणून असा प्रयोग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करणे योग्य.

रोजच्या जीवनात कोणत्या खुणा दिसतात?

पुढील गोष्टी वारंवार घडत असतील तर त्या नोंदवून ठेवाव्यात:

• जिना उतरताना शेवटची पायरी चुकणे, उंबरठ्याला ठेच लागणे.
• संध्याकाळी, पावसाळी अंधारून आल्यावर किंवा उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर अधिक अडखळणे.
• सरकत्या जिन्यावर पहिले पाऊल टाकताना थबकणे.
• रस्ता ओलांडताना गाडी किती लवकर येईल याचा अंदाज चुकणे.
• ताटातला त्याच रंगाचा पदार्थ तसाच राहणे, स्टीलच्या पेल्यातले पाणी किती भरले ते न कळणे.
• फिक्या शाईतला मजकूर वाचताना कंटाळा येणे, पण ठळक मथळे सहज वाचता येणे.
• गालिच्यावरच्या नक्षीत किंवा झाडाच्या पानांत चेहरे दिसणे, कडेने कोणी गेल्यासारखे वाटणे.

शेवटची खूण वेगळी नोंदवण्याजोगी आहे. अपुऱ्या चित्रातल्या रिकाम्या जागा मेंदू स्वतःहून भरतो, तेव्हा असे भास होऊ शकतात. ते औषधांमुळेही होतात आणि काही वेळा आजार पुढे सरकल्याची खूण असतात. अनेक रुग्ण लोक वेडा म्हणतील या भीतीने ते लपवतात. डॉक्टरांना ते सांगायलाच हवेत.

वाहन चालवण्याचा प्रश्नही गंभीर आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पार्किन्सन्सग्रस्त चालकांना सिम्युलेटरवर धुक्यात गाडी चालवायला दिली गेली. अचानक आडव्या आलेल्या वाहनाला त्यांनी उशिरा प्रतिसाद दिला आणि त्यांच्यातल्या अधिक जणांची टक्कर झाली. हालचाल आणि कॉन्ट्रास्ट ओळखण्याच्या चाचण्यांत मागे असणाऱ्यांना धोका अधिक होता.

तपासणी: सगळे पार्किन्सन्सवर ढकलू नये

कॉन्ट्रास्ट कमी होण्याची इतर कारणेही असतात आणि त्यांतली काही बरी होणारी असतात. मोतीबिंदूत हेच लक्षण दिसते आणि साध्या शस्त्रक्रियेने फरक पडतो. काचबिंदू व मधुमेहामुळे होणारे दृष्टिपटलाचे आजारही तपासून घ्यावे लागतात. पार्किन्सन्समध्ये पापण्या लवण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे डोळे कोरडे पडून चित्र धूसर होते आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांनी आराम मिळू शकतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळवणे जमत नसेल, तर वाचताना दोन-दोन दिसते. त्यासाठी प्रिझम बसवलेला चष्मा असतो. थरथरीवर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधाने बाहुल्या मोठ्या होऊन जवळचे अंधुक दिसू शकते.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना पार्किन्सन्स असल्याचे आणि चालू औषधांची नावे सांगावीत, आणि कॉन्ट्रास्टची चाचणी होईल का ते विचारावे. औषधाचा असर चांगला असतो त्या वेळेची भेट घेतल्यास तपासणी सोपी जाते. असर उतरल्यावर दिसणेही बिघडते का, हे वेळेसह वहीत लिहून ते चेतारोगतज्ज्ञांना दाखवावे. डोसमध्ये बदल मात्र स्वतःच्या मनाने करू नये.

घरात काय करता येते?

यातल्या बहुतेक उपायांना फारसा खर्च येत नाही. तत्त्व एकच: जिथे धोका आहे तिथे उठाव वाढवायचा आणि जिथे गरज नाही तिथे नक्षी कमी करायची.

• प्रत्येक पायरीच्या कडेला आणि उंबरठ्यावर वेगळ्या, ठळक रंगाची न निसरडी पट्टी चिकटवावी.
• न्हाणीघरात पांढऱ्या फरशीवर गडद रंगाची बादली, तांब्या आणि आधाराचा दांडा असावा.
• गडद पायपुसणे खड्ड्यासारखे भासू शकते, शिवाय ते सरकते. ते काढून टाकावे.
• जिन्यात आणि शौचालयाच्या वाटेवर सारखा उजेड असावा. एका कोपऱ्यात झगझगीत दिवा आणि बाकी अंधार नको.
• भात, दही, इडलीसाठी रंगीत ताट आणि चहासाठी आतून पांढरा कप वापरावा. बोस्टन विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात अल्झायमर्सच्या रुग्णांना ठळक रंगाची ताटे-पेले दिल्यावर त्यांचे जेवण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले होते. तो आजार वेगळा असला तरी कॉन्ट्रास्टची अडचण दोन्हींत आढळते.
• गोळ्या काढताना खाली गडद कापड किंवा ताटली ठेवावी.
• जिना उतरताना दुभागी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करावा का, हे डॉक्टरांना विचारावे.
• मोबाइलवर अक्षरे ठळक करण्याची आणि कॉन्ट्रास्ट वाढवण्याची सोय असते, ती सुरू करावी.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत अशा युक्त्यांची देवाणघेवाण होऊ शकते. आणि घरातले कोणी पुन्हा पायरी चुकले, तर "बघून चाला" म्हणण्याआधी त्या पायरीची कड फरशीपासून वेगळी दिसते का, हे संध्याकाळच्या उजेडात एकदा तपासून घ्यावे.